मुठीत दाबलेला भरडा

सुपा, रविवार, २० जुलै २०२५

तायडे,

जय भीम.

तू माझा नंबर ब्लॉक केलास, म्हणून पत्र. पोस्टात पाकीट मागितलं तर तिथल्या बाई म्हणाल्या, "कोर्टाचं हाय का?" घरचं आहे म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की वाटलं, कोर्टाचं म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

दाजींना जाऊन आज तेवीस दिवस झाले. जलदान विधीच्या दिवशी तू मला उठवलंस, त्यालाही दोन आठवडे होऊन गेले. तुझा राग मला कळतो. पण तूही जरा माझ्या जागी बसून बघ. भंतेजी समोर, दाजींच्या फोटोपुढच्या मेणबत्त्या अजून जळतायत, अख्खा भावकीचा गोतावळा बसलेला, आणि तू मला विचारतेस, "तुषार, तू इंजिनीअर हायेस. माल आत अडकतो का न्हाई, येवढंच सांग." अशा गोष्टी एका वाक्यात सांगता येत नाहीत गं. मी म्हणालो, "तांत्रिक बाब आहे, कागद बघावे लागतील." ते काही खोटं नव्हतं. तू म्हणालीस, "ऊठ." मी उठलो. तुझ्या सासूबाई डबा घेऊन रस्त्यापर्यंत मागं आल्या, "उपाशी जाऊ नगं रं," म्हणाल्या. मी तोही घेतला नाही.

दाजी जिथं कामाला होते त्या मिरजगावच्या प्लँटवाल्यांनी चौकशीत काय लिहून दिलंय ते मी वाचलं. हॉपरमध्ये माल अडकणं शक्यच नव्हतं, सबब मच्छिंद्रला वरून आत उतरण्याचं काही कारण नव्हतं, तो नशेत असावा. दाजी आणि नशा! ज्या माणसानं कधी सुपारी तोंडात टाकली नाही, त्याच्याबद्दल हे. वाचून माझं डोकं सणकलं.

पण तायडे, कागदाला कागदानंच उत्तर द्यावं लागतं. मी माझ्या परीनं बघतोय. तू धीर धर. दीपाचा अभ्यास बुडू देऊ नकोस.

तुझा,
तुषार


सुपा, रविवार, ३ ऑगस्ट २०२५

तायडे,

उत्तर आलं नाही. पत्र परतही आलं नाही, म्हणजे तू ते ठेवून तरी घेतलंस किंवा चुलीत तरी घातलंस. मी पहिलं धरून चालतो.

इतकी वर्षं मी सुप्याच्या एमआयडीसीत काय काम करतो, हे तू कधी विचारलं नाहीस. "कॉम्प्युटरवर असतो," एवढं सांगून तू लोकांना गप्प करायचीस. आज सांगतो. तुला कळेल, कारण गोट्या खेळायला मला तूच शिकवलंस. आणि माझ्या सगळ्या गोट्या जिंकूनही न्यायचीस.

समज एक हॉपर बांधायचं आहे. मोठी लोखंडी टाकी, वर रुंद आणि खाली फनेलासारखी निमुळती. वरून जनावरांच्या खाद्याचा भरडा पडतो, खालच्या तोंडातून पोत्यात येतो. ती बांधायच्या आधी कॉम्प्युटरवर तिचा आकार काढतात. तो आकार बारीक त्रिकोणांच्या जाळीचा असतो. मग त्या जाळीत गोळे भरायचे. त्यासाठी एक प्लगइन मिळतं, म्हणजे मूळ सॉफ्टवेअरला लावायचं वरचं अवजार. त्याला आकार दाखवायचा, गोळ्यांची जाडी सांगायची, बटण दाबायचं. ते आकार गोळ्यांनी गच्च भरून देतं, एकही जाळीबाहेर डोकावत नाही. मग खालचं तोंड उघडायचं आणि गोळे कसे पडतात ते बघायचं. एक गोळा म्हणजे एक दाणा. निदान तसं धरायचं असतं.

मिरजगावच्या हॉपरचं हे काम आमच्या कंपनीकडे आलं होतं. आमच्या कंपनीकडे म्हणजे त्यात बरेच जण असतात, एकट्यादुकट्याचं काम नसतं ते.

तुला माहीत आहे का, डिसेंबरात दाजी इथं येऊन गेले होते? प्लँटच्या टेम्पोबरोबर आले होते. आम्ही हायवेवर मिसळ खाल्ली. बिस्किटांच्या जुन्या डब्यात भरड्याचा नमुना भरून आणला होता त्यांनी, स्वतःहून, कुणी मागितला नव्हता. मी त्यांना माझ्या टेबलावर नेलं, गोळे पडताना दाखवले. निळे, पिवळे, लाल. किती तरी वेळ बघत होते. पट्ट्यात सापडून वाकडी झालेली ती करंगळी पडद्यावर टेकवून एकेक गोळा दाखवत होते. खूश झाले. ऑफिसातल्या सगळ्यांना सांगितलं, "ह्यो माझा मेव्हना."

हे तुला सांगावंसं वाटलं.

तुझा,
तुषार


सुपा, रविवार, २४ ऑगस्ट २०२५

तायडे,

मागच्या पत्रात मी लिहिलं की दाजी खूश झाले. ते खरं नाही. आणि "बरेच जण असतात" हेही खरं नाही. तो रिपोर्ट मी केला. एकट्यानं. शेवटच्या पानावर सही माझी आहे.

लिहून टाकलं. आता पुढचं सांगतो.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात गोरक्ष आमच्या गेटवर आला. तू त्याला ओळखतेस, दाजींच्या पाळीत काम करतो. वॉचमन त्याला आत सोडेना, म्हणून मीच बाहेर गेलो. चहा नको म्हणाला. उभ्या उभ्याच बोलला.

"जुन्या हॉपरला खाली खिडकी हुती. माल अडकला का त्यातनं सळई घालून ढोसायचा. नव्याला खिडकीच न्हाई. मी मच्छिंद्रला म्हनलं, आरं ह्यात अडकलं म्हंजी? त्यो म्हनला, माझ्या मेव्हन्यानं कॉम्प्युटरवर बघितलंय. त्यानं खिडकी काढली म्हंजी लागत नसंल."

तोंडात मिठाची गुळणी धरायची सवय मला आता चांगलीच झाली आहे.

"त्या दिवशी खालून माल येईचना. भाईर तीन टेम्पो हुबे. सुपरवायझर वरडाया लागला. मच्छिंद्र सळई घिऊन वर चढला. वरून बघितलं तर हॉपर भरल्यालं, सपाट. पाय दिला आन् गेला खाली. त्याच्यावर सगळा भरडा. आमी खालून पत्रा कापस्तोवर..." मग म्हणाला, "साहेब लोक म्हनत्यात माल अडकतच न्हाई. कागद हाय म्हनं तसा. कुनाचा हाय त्यो कागद?"

त्याला ठाऊक होतं कुणाचा आहे. माझ्या तोंडून ऐकायला तो सुप्यापर्यंत आला होता. मी म्हणालो, "बघतो." तो गेला.

तायडे, आता डिसेंबरातलं खरं ऐक. दाजी पडद्याकडे किती तरी वेळ बघत होते हे खरं. मग त्यांनी डब्यातून मूठभर भरडा काढला, गच्च दाबला आणि मूठ उघडली. भरड्याला मळी लावलेली असते, उसाची, जनावरांना गोडी लागावी म्हणून. हातावर लाडू तसाच बसलेला. म्हणाले, "हे बग. तुझ्या गोट्यांवानी घरंगळत न्हाई ह्यो. मळी लागली का धरतोय. ती खिडकी तेवढी राहू दे तुषार, न्हाईतर आमाला वरनं उतराया लागंल."

मी काय केलं माहीत आहे? हसलो. म्हणालो, "दाजी, कॉम्प्युटरला लाडू कळत नाहीत."

खरं तर कळतात. भरड्याचा एकेक वेडावाकडा तुकडा घेऊन त्याच्या आकारात पाच-सहा बारीक गोळे भरायचे आणि ते एकमेकांना चिकटवून टाकायचे. प्लगइन हेही करून देतं. मग तो तुकडा गोटीसारखा पळत नाही, दुसऱ्यात अडकतो, भरड्यासारखा वागतो. वर मळीचा चिकटपणा द्यायचा. पण असं केलं तर गोळे लाखांनी होतात आणि कॉम्प्युटर अकरा दिवस चालतो. रिपोर्ट सोमवारी द्यायचा होता. मी सुटे गोळे भरले, सगळे सारखे, सगळे गुळगुळीत, कोरड्या मक्याचे आकडे टाकून. दोन तासांत सगळे खाली आले. सुंदर आले. मी लिहिलं, "माल अडकण्याची शक्यता आढळली नाही. खिडकीची आवश्यकता नाही." हे दुसरं वाक्य मला कुणी विचारलंही नव्हतं. पत्र्याला भोक कमी, तेवढीच टाकी मजबूत, आपली हुशारी दिसेल, म्हणून लिहिलं.

गोरक्ष गेल्यावर मी ते काम परत लावलं, या वेळी चिकटवलेल्या गोळ्यांचं. शेजारच्या टेबलावर मेहविश बसते, नगरची. या प्लगइनवर तिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. तिनं एक शब्द न विचारता मदत केली. अकरा दिवसांनी, गुरुवारी सकाळी, निकाल आला. थोडा माल खाली पडला आणि थांबला. वर कमान धरली. कमानीखाली पोकळी आणि वर सगळं सपाट, भरलेलं. गोरक्ष म्हणाला तसंच.

मग मी जे केलं ते कुणी करू नये. वर मधोमध एक मोठा गोळा ठेवला. अडुसष्ट किलोचा. मेहविशला कळलं तेव्हा ती खुर्ची सरकवून बाहेर गेली. तो गोळा आत जायला चार सेकंद लागले, तायडे. चारच.

मी काकासाहेबांना, आमच्या मालकांना, हे दाखवलं. ते माणूस म्हणून वाईट नाहीत. निकाल दोनदा लावून बघितला, मग म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची, तुषार. गेलेला मानूस परत येतो का? ह्या कंपनीवर चौदा घरं चालत्यात." शेवटी म्हणाले, जबाब द्यायचा असेल तर आधी राजीनामा दे.

तो डबा माझ्या खणात आहे. डिसेंबरपासून. दाजींनी तो लाडू परत त्यातच ठेवून झाकण लावलं होतं. मी अजून उघडलेला नाही.

आता तू सांग. चौकशीत जाऊन हा सगळा प्रकार सांगितला तर नोकरी जाईल आणि या धंद्यात मला परत कुणी उभं करणार नाही. शिवाय माझ्यावर केस होईल ती वेगळीच. पण दाजींच्या नावावरचा डाग निघेल. तू सांग म्हणालीस तर मी सांगतो. तू म्हणशील तसं करतो.

तुषार


खर्डा, ७ सप्टेंबर

तुषार,

तिन्ही पत्रं मिळाली. चुलीत घातली नाहीत.

रिपोर्ट तुझा होता हे मला आधीपासून माहीत आहे. डिसेंबरात सुप्याहून आले तेव्हा जेवताना तेच चाललं होतं. आपल्या हॉपरचं काम तुषारकडं आहे, मी त्याला भरडा दाबून दाखवून आलो, आता तो बरोबर करील. नवीन हॉपर बसलं तेव्हा गल्लीत सगळ्यांना सांगत फिरले. तुझा अभिमान होता त्यांना. माझ्यापेक्षा जास्त.

म्हणून त्या दिवशी मी तुला विचारलं. दुसऱ्या कुणाला विचारलं का? माल अडकतो हे मला कुणी सांगायला नको. त्यांचे कपडे दहा वर्षं धुतले मी, मळीनं चिकटलेला भरडा खिशातून नखानं काढावा लागायचा. मला उत्तर नको होतं. तू देतोस का, ते बघायचं होतं.

आता मला विचारतोस, सांगू का. मी हो म्हटलं तर तुझी नोकरी मी घालवली. नाही म्हटलं तर त्यांना दारुडा मी ठरवलं. दोन्ही माझ्याच डोक्यावर. लहानपणी हरायला लागलास की असंच करायचास. डाव मोडू का म्हणून मलाच विचारायचास.

दीपाला शाळेत एका पोरीनं विचारलं, तुझे पप्पा दारू पिऊन मेले ना? घरी येऊन तिनं मला विचारलं, खरं आहे का? सासूबाई तोंड फिरवून भांडी घासत बसल्या. मी पोरीला काय सांगायचं होतं?

यापुढं मला विचारायला पत्र लिहू नकोस.

वृषाली


सुपा, रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

तायडे,

हे विचारायला लिहिलेलं नाही.

मागच्या सोमवारी नगरला जाऊन जबाब दिला. तुझं पत्र आल्यावरही मला त्यासाठी चार आठवडे लागले, हे लपवत नाही. दोनदा नगरच्या स्टँडवर उतरून परत फिरलो. एकदा तर ऑफिसच्या दारात जाऊन चप्पल तुटल्याचं निमित्त केलं. चप्पल खरंच तुटली होती, पण तेवढ्यासाठी कुणी सुप्याला परत येत नाही.

चौकशी अधिकारी वयस्कर होते. मी दोन्ही रिपोर्ट पुढं ठेवले, डिसेंबरचा आणि ऑगस्टचा. चित्रं बघून म्हणाले, "दोन्हीकडं गोळेच दिसतायत. फरक काय?" मी सांगितलं, या चित्रातले सुटे आहेत, त्या चित्रातले चिकटलेले. भरडा चिकटतो. मी सुटे भरले. त्यांनी विचारलं, "चुकून?" मी म्हणालो, "नाही. घाईनं. चिकटवायचे असतात हे मला माहीत होतं."

त्यांनी ते लिहून घेतलं. मग विचारलं, "भरडा चिकटतो हे तुम्हाला त्या वेळी कुणी सांगितलं होतं का?"

"हो."

"कुणी?"

"मयतांनी."

त्यांनी पेन थांबवून वर बघितलं. मी दाजींचं पूर्ण नाव सांगितलं. खिडकी ठेवा, नाहीतर वरून उतरावं लागेल, हे त्यांचे शब्द जसेच्या तसे सांगितले. अधिकाऱ्यांनी ते पुन्हा म्हणायला लावले आणि तसेच लिहिले. मग मी डबा टेबलावर ठेवला आणि पहिल्यांदा उघडला.

किड्यांनी बराचसा भरडा पोखरला आहे, तायडे. पण लाडू शाबूत आहे. मळी वाळून कडक झाली आहे. अधिकाऱ्यांनी शेजारी पट्टी ठेवून त्याचे फोटो काढले. नाशवंत वस्तू जमा करून घेता येत नाही म्हणाले आणि डबा माझ्या हातात परत दिला. देताना खुर्चीवरून उठले. का उठले ते मला माहीत नाही.

निकाल काय लागेल ते आज सांगता येत नाही. माझ्यावरही काय ते होईल. गोरक्षनंही जबाब दिला. काकासाहेबांनी त्याच संध्याकाळी कॉम्प्युटर काढून घेतला. शिव्या दिल्या नाहीत, त्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. मेहविशनं निघताना ऑगस्टच्या कामाची एक प्रत दिली, म्हणाली, "कुणी मूळ फाइल बदलली तर ही असू दे तुझ्याजवळ." या महिनाअखेर खोली सोडतोय. पुढचं माझं मी बघेन.

मी खर्ड्याला येणार नाही. तू बोलावलंस तर येईन. नाही बोलावलंस तर तेही बरोबरच आहे. माफी मागायचं धाडस मला होत नाही, आणि मागितली तर ती पुन्हा तुलाच काहीतरी मागितल्यासारखं होईल.

माझ्या जबाबाची प्रत सोबत आहे. दीपा मोठी झाल्यावर नको, आत्ताच तिला वाचून दाखव. तिच्या पप्पांचं नाव दुसऱ्या पानावर आहे, चौथ्या ओळीत. त्यांनी आधीच सांगितलं होतं, आणि मामानं ऐकलं नाही. पोरगी शाळेत एवढं सांगू शकेल.

डबा गोरक्षच्या हाती पाठवतोय. सावकाश उघड. लाडवावर बोटांचे ठसे आहेत, चार, आणि एका बाजूला अंगठा. करंगळीचा वाकडा आहे. दीपाला आपली बोटं त्यांत ठेवून बघावीशी वाटली तर बघू दे. फक्त दाबू नको म्हणावं. आता तो फार कोरडा झालाय, लगेच सुटेल.

तुषार